केशोरावच्या विमानाचा दम

हिरालालचा वस्तरा माझ्या गळ्यावर होता आणि वर आकाशात केशोरावच्या विमानाचा एक ठोका चुकला. मी दचकलो. वस्तरा जरासा लागला. हिरालालनं तुरटीचा खडा फिरवला आणि आपल्या हिंदीत मला ऐकवलं की गर्दन तुमची असली तरी दुकान माझं आहे, दोघांची इज्जत ठेवा. बाकड्यावरच्या गिऱ्हाइकांपैकी कुणी मान वर केली नाही. पहिल्या वर्षी हे विमान गोंदियावर आलं की शाळा रिकाम्या व्हायच्या, बायका तांदूळ पाखडता पाखडता सूप हातात घेऊनच अंगणात यायच्या. आता त्याची किंमत मालगाडीइतकी राहिली होती. ते आलं, गावावर फिरलं आणि बिरसीकडे उतरायला गेलं. सगळं रोजच्यासारखं. फक्त मध्ये एकदा, बोलता बोलता माणसाला ठसका लागावा आणि चार माणसांत बसलो आहोत म्हणून त्यानं तो गिळून टाकावा, तसं काहीतरी त्या इंजिनानं केलं होतं. मी हिरालालला विचारलं, ऐकलं का. तो म्हणाला, हवाई जहाज की आवाज सुनी, उसमें और क्या सुनना. मी त्याला म्हटलं, उरलेली दाढी लवकर उरक.

माझी हयात ऐकण्यात गेली आहे. गोंदियाच्या रेल्वे इंजिनशेडमध्ये छोट्या लाईनीवर मी हात काळे करायला लागलो तेव्हा आमचे उस्ताद चाकावर हातोडी मारायचे आणि तोंड दुसरीकडे फिरवायचे. डोळे लबाड असतात म्हणायचे, साहेब शेजारी उभा असला की त्यांना तडा दिसत नाही. पुढे लढाई आली, बिरसीला धावपट्टी झाली, आणि शेडातले आम्ही काहीजण तिकडे कामाला गेलो. तिथं मी विमानं आवाजावरून ओळखायला शिकलो. ढगाच्या वर कोण चाललंय हे पाटीवर लिहिल्यासारखं मला कळायचं, आणि गोरे सार्जंट माझ्यावर पैजा लावायचे. लढाई संपली, गोरे गेले, धावपट्टीवर गुरं चरायला लागली. मी नागपूरच्या फ्लाइंग क्लबात राहून परीक्षा दिल्या, इंजिनिअरचं लायसन मिळवलं, आणि केशोरावनं फौजेनं विकायला काढलेलं हे दोन सीटांचं विमान घेतलं तेव्हा तो पहिला माझ्या दारात आला. राइस मिलवाल्याचा एकुलता एक मुलगा. नागपूरला उडवायला शिकलेला, हाताचा चांगला, डोक्यानं जरा घाईचा. माझ्या सहीशिवाय ते विमान उडत नाही, आणि माझी सही मी आजवर कुणाच्या घाईपायी केलेली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई म्हणून सांगायच्या गोष्टी माझ्याजवळ दुसऱ्या पुष्कळ आहेत.

पण त्या दिवशी हिरालालच्या दुकानातून निघून सायकल सरळ बिरसीच्या रस्त्याला लावली, कारण दुसऱ्या दिवशी त्या विमानात केशोरावची आई बसणार होती. सुलोचनाबाईंना मी वहिनी म्हणतो. त्यांचं माहेर केशोरी गावचं. पूर्वी बैलांच्या दमनीत बसून दोन मुक्काम करून त्या माहेरी जायच्या. गुडघे गेल्यापासून गेल्याच नव्हत्या. मुलगा दोन वर्षं मागे लागला होता की माय, तुला वरून नेतो, तुझं गाव, तुझ्या बापाच्या धानाच्या बांध्या, तळं, सगळं वरून दाखवतो, आणि त्या दोन वर्षं म्हणत होत्या की मरायचंच असेल तर खाटेवर मरीन. आता अचानक त्यांनी हो म्हटलं होतं. ब्राह्मणाकडून दिवसही पाहून घेतला होता. आणि गोंदियाहून केशोरी म्हणजे मध्ये सगळं जंगल. नागझिऱ्याची झाडी सुरू झाली की खाली चादरीएवढी मोकळी जागा दिसत नाही. शेतावर इंजिन बंद पडलं तर कापलेल्या धानाच्या बांधीत कसंही उतरवता येतं, मातीचे धुरे आडवे आले तर चाकं मोडतील, माणूस वाचेल. झाडीवर पडलं तर काय होतं ते मी लढाईच्या दिवसांत पाहिलं आहे, आणि त्यातला एक वास माझ्या नाकातून अजून पुरता गेलेला नाही. सागाचा ओला पाला आणि पेट्रोल. तो वास मला सायकलवर, भर दुपारी, कामठ्याच्या वळणावर आला.

बिरसीला विमान बांबूच्या तट्ट्याच्या शेडमध्ये उभं होतं. केशोराव जीपच्या बॉनेटवर बसून सिगरेट ओढत होता. चौकीदार लालसिंग रोजच्यासारखा काठी पुसत होता. विमान उतरलं की त्याचं पहिलं काम टाकीचं टोपण उघडून काठी बुडवून पेट्रोल मोजायचं, मग चाकांना दगड लावायचे. त्याची बायको दुर्पता शेडची जमीन सारवत होती. दोघं चिचगडकडची, गोंड, कामाला चोख आणि बोलायला कंजूष. मी केशोरावला विचारलं, वर काही झालं का. तो म्हणाला, काहीच नाही, नागझिऱ्यावरून लांब चक्कर मारून आलो, घरावर आल्यावर मायला दिसावं म्हणून इंजिन कमी केलं, दोन फेरे मारले, उतरलो. मी म्हटलं, ठोका चुकला. तो हसला. कानावर चामड्याची टोपी, समोर इंजिनाचा गडगडाट, त्यात याला ठसका कुठून ऐकू येणार. मी शर्ट काढून खुंटीला टांगला आणि आत शिरलो. प्लग काढून बघितले, पोळी जशी भाजायला पाहिजे तशा रंगाचे होते. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचं झाकण काढलं, पॉइंट घासले, तारा हातानं चाचपल्या. पेट्रोलची जाळी काढली, त्यात पाणी नाही, कचरा नाही. कार्बोरेटरची वाटी उतरवली, जेटमधून फुंकर मारली, बोटावर हवा आली. सगळं परत बसवलं, शेपटी खुंट्याला बांधली आणि इंजिन पूर्ण जोरात चालवलं. दुर्पतानं सारवलेल्या जमिनीचे पोपडे उडाले, तट्टे हलले, आणि ते इंजिन शिकवणीला बसवलेल्या शहाण्या मुलासारखं एका सुरात बोलत राहिलं. तापायला लागलं तसं बंद केलं. पुन्हा चालवलं. पुन्हा तेच.

केशोराव माझा मान ठेवतो. त्यानं आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला की काका, विमानात मी होतो आणि ठोका तुम्ही हिरालालच्या खुर्चीत ऐकला. मग जरा थांबून, दुसरीकडे बघत म्हणाला की नागपूरचा एक तरुण इंजिनिअर ओळखीचा आहे, काकांना वाटत असेल तर त्यालाही एकदा बोलावून घेऊ, चार डोळे असलेले बरे. यात वाईट काही नव्हतं. पण मला ते लागलं. चार डोळे म्हणाला तो, आणि त्याच्या मनात माझे दोन कान होते.

घरी आलो तेव्हा दिवस मावळत होता. बायकोनं, शकुंतलानं, चहा पुढ्यात ठेवला आणि काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं नाही, मग ती फिरून उजव्या बाजूला आली आणि तेच पुन्हा विचारलं. हे ती हल्ली करते. न बोलता, भांडं इकडून उचलून तिकडे ठेवावं तसं, माझ्या उजव्या बाजूला येते. मी पहिल्यांदा थट्टेवारी नेलं होतं, नवऱ्यांना डावीकडून ऐकू येत नसतंच, लग्नात बायको डावीकडे बसवतात ती त्यासाठीच. ती हसली होती. पण बाजूला यायचं तिनं सोडलं नाही. आणि त्याआधीच्या आठवड्यात फाटकाजवळ एका टांगेवाल्यानं डावीकडून इतक्या शिव्या दिल्या की त्यातल्या शेवटच्या दोनच माझ्यापर्यंत पोचल्या. त्या संध्याकाळी चहा निवत गेला आणि मी तिथं बसून स्वतःच्या कानाची तपासणी करत होतो. डावा बोटानं बंद केला, शेजारच्या मिलचा पट्टा ऐकला. उजवा बंद केला, मिल मेली, म्हणजे मरायला टेकली, कुठंतरी गादीखाली चालल्यासारखी. मला भीती वाटली. मरायची नव्हे. सही करायला बोलावलं जाणार नाही याची, आणि त्याहून जास्त, उद्या त्या बाईंना वर जाऊ द्यावं की नाही हे ठरवायला माझ्याजवळ जे एकमेव हत्यार आहे तेच गंजलं असेल याची. ठोका चुकला नव्हता, माझाच कान चुकला होता, असं म्हटलं की सगळं किती सोपं होत होतं. वहिनी माहेर बघतील, केशोराव खूश, विमान धडधाकट. मी स्वतःला ते दोनदा म्हणून पाहिलं. पटलं नाही. डावा कान गेला असेल, पण नसलेलं ऐकायची खोड माझ्या कुठल्याच कानाला नाही. कान म्हातारा झाला की कमी ऐकतो, जास्तीचं बनवून सांगत नाही. ही गोष्ट लक्षात आली आणि मी गार चहा एका घोटात पिऊन टाकला.

मग मी उलट्या बाजूनं विचार करायला लागलो. ठोका चुकला हे खरं धरायचं. जमिनीवर काही सापडत नाही हेही खरं धरायचं. मग जमिनीवर नाही आणि वर आहे असं काय आहे? उंची म्हणावी तर घरावर तो काही फार वर नव्हता. वेग म्हणावा तर चुकल्यानंतर लगेच त्यानं इंजिन कमी केलं आणि ते सावरलं. म्हणजे जोर असताना अडलं, जोर काढला की मोकळं झालं. भूक जास्त, ताटात कमी. पण पेट्रोल तर टाकीतून आपसूक उतरतं, नळी मी स्वतः फुंकली होती. उरली एकच गोष्ट, वेळ. जमिनीवर मी ते इंजिन फार वेळ पूर्ण जोरात चालवू शकत नाही, तापतं. केशोराव नागझिऱ्यापर्यंत जाऊन आला होता. जे काही होतं ते हळूहळू भरत जात होतं, आणि विमान शेडमध्ये येऊन माझा हात लागेपर्यंत ओसरून जात होतं. ते काय ते मला त्या संध्याकाळी सुचलं नाही, पण आता ते माझ्या हातून सुटणार नाही हे मला पक्कं कळलं. जेवण चांगलं गेलं. शकुंतला म्हणाली, सापडलं वाटतं. मी म्हटलं, नाही, पण पळायची वाट बंद केली आहे.

सकाळी वहिनींची जीप यायच्या कितीतरी आधी मी बिरसीला होतो. केशोरावला सांगितलं की तुझ्या मायच्या जागेवर आधी मी बसणार. तो कुरकुरला, मुहूर्त जाईल म्हणाला. मी म्हटलं, माझ्या सहीचा मुहूर्त अजून निघालेला नाही. दुसऱ्याची विमानं आयुष्यभर आकाशात पाठवणारा मी, स्वतः वर जायला फारसा राजी नसतो; जमिनीवर मला सगळं कळतं, वर गेलं की नुसतं ओझं होतो. पण बसलो. तो गावाकडून फिरून तळ्यांच्या रांगेवर गेला. मी सांगितलं होतं, झाडीवर न्यायचं नाही, शेतांवरच फिरायचं, आणि जोर अजिबात कमी करायचा नाही. खाली कापलेल्या बांध्या, धुऱ्यांच्या रेघा, खळ्यावर धानाचे ढीग, माणसं वर बघून हात हलवत होती. मी काहीच बघत नव्हतो. उजवा कान इंजिनाकडे करून, नवरीसारखी मान तिरपी धरून बसलो होतो. बराच वेळ काही झालं नाही. केशोराव माझ्याकडे बघून मानेनं विचारू लागला, झालं ना? आणि तेव्हा ते आलं. एक ठसका. मग दुसरा. मग लागोपाठ, आणि समोरचा पंखा डोळ्यांना दिसण्याइतका मंद झाला. केशोरावचा चेहरा पांढरा पडला. मी ओरडून सांगितलं, जोर काढ. त्यानं काढला. इंजिन धापा टाकत राहिलं, मग रडत रडत का होईना चालू लागलं, आणि आम्ही झाडांच्या शेंड्यांपेक्षा थोडेच वर राहून बिरसीला येऊन टेकलो. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. कान शाबूत होता.

चाकं थांबली आणि लालसिंग काठी घेऊन धावत आला. रोजचाच तो, रोजचीच काठी. त्याचा हात टोपणाकडे गेला आणि मला एकदम सगळं दिसलं. रोज विमान उतरतं, मी खाली इंजिनाचं झाकण उघडायला वाकतो, आणि माझ्या डोक्यावर हा टाकी उघडतो. मी ओरडलो, हात लावू नको. तो जागच्या जागी खिळला. मी पायरीवर चढलो, उजवा कान टोपणाजवळ नेला आणि सावकाश पीळ दिला. टाकीनं श्वास घेतला. बाहेर सोडला नाही, आत घेतला, लांब, पाण्यात बुडालेला माणूस वर आल्यावर घेतो तसा. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यायला लागते, आणि त्यासाठी टोपणाला बारीक भोक असतं. तिथून हवा आत जातच नव्हती. मी टोपण उलटं करून उजेडाकडे धरलं. भोक नव्हतं. त्या जागी तांबूस, गुळगुळीत, नखानं न निघणारी लाख होती, टोपणाच्या लाल रंगात रंग मिळून गेलेली. किती सफाईनं भरली होती. मी स्वतः भरली असती तर इतकी चांगली भरता आली नसती.

लालसिंगनं बायकोकडे पाहिलं. दुर्पता शेणाचा हात तसाच धरून उभी राहिली. मी विचारलं, हे कोणी बुजवलं?

"मीच बुजवलं," ती म्हणाली. "तुमीच तं सांगतलं होतं, एक बी भोक उघडं राह्यलं नाई पायजे, गांधीणमाशी घर करते. कपडा तं वाऱ्यानं उडून जाते. लाखेचं पक्कं रायते."

सांगितलं होतं मी. विमान उभं असताना नळ्यांच्या तोंडांना कापड बांधायचं, उडायच्या आधी सोडायचं, हे सांगितलं होतं. पण दुर्पता ज्या घरात वाढली तिथं बियाण्याचं धान बांबूच्या ढोलीत भरतात, ढोली शेणामातीनं लिंपतात, आणि एक फट राहिली तर पुढच्या वर्षीचं पोट किड्यांच्या पोटात जातं. तिथं भोक बुजवणारी बाई ती शहाणी बाई. तिच्या भावानं जंगलातून आणलेली लाख होती, चुलीवर पातळ केली, काडीनं भोकात सोडली, आणि चार दिवस ती मनात म्हणत असेल की या लोकांना एवढं साधं कसं सुचलं नाही. केशोरावचा जीव अजून ठिकाणावर नव्हता. तो तिच्यावर धावून गेला, आत्ताच्या आत्ता दोघांनी निघायचं म्हणाला. मी मध्ये उभा राहिलो. सांगितलं की कोणी निघणार नाही, तिनं ऐकलं तेवढं पक्कं ऐकलं, आणि विमानाजवळ असं ऐकणारं माणूस मला दुसरं कुठून मिळणार. मग मी सुई तापवून लाख काढली, आणि दुर्पताला जवळ बोलावून त्या भोकावर तिचं बोट ठेवलं. बोट ठेव, आतलं बंद. बोट काढ, हवा आत. यालाही दम घ्यावा लागतो, म्हटलं. तिनं दोनदा बोट ठेवून काढलं. "मंग याले एवढं लहान नाक काऊन देल्लं?" असं तिनं विचारलं, आणि मी टोपण परत टाकीवर फिरवून बसवलं.

आम्ही पुन्हा वर गेलो. त्याच तळ्यांवर, तेवढाच वेळ, मग त्याहून जास्त, पूर्ण जोरात. एकही ठसका नाही. उतरलो आणि मी सही केली.

वहिनी आल्या तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. हिरवं लुगडं, हातात नारळ, बरोबर घरची माणसं. विमानाच्या पंख्याला त्यांनी हळदकुंकू लावलं, नारळ लालसिंगनं फोडला. त्यांनी विमानाकडे असं पाहिलं की जणू ते नवीन विकत घेतलेलं जनावर आहे आणि दात पाहायचे राहिले आहेत. मग काठी टेकत त्या सरळ माझ्याकडे आल्या. केशोराव त्यांच्या मागे उभा राहून मला मानेनं खुणा करत होता, काही बोलू नका, काही बोलू नका. दोन वर्षांनी हो म्हटलेली बाई होती. एक शब्द इकडेतिकडे झाला असता तर ती जीपमध्ये जाऊन बसली असती, आणि मग केशोरी तिला कधीच दिसलं नसतं.

"यादोराव," त्या म्हणाल्या, "खरं सांग. काल याले का झालं होतं?"

मी केशोरावकडे पाहिलं नाही. म्हटलं, "बिघडलं होतं, वहिनी. टाकीत हवा जात नव्हती. आज सकाळी सापडलं. मी स्वतः वर जाऊन आलो."

केशोरावनं कपाळाला हात लावला.

"काल मी आंगनात उभी होती," वहिनी म्हणाल्या. "त्याचा दम अटकला, मले आयकू आलं. घरात सांगतलं तं सारे हासले, म्हणे बुढीचे कान वाजून राहिले. तू बी काई नव्हतं म्हणला असतास ना, तं मी बसली नसती."

माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत. वहिनींनी काठी दुर्पताच्या हातात दिली, लुगड्याचा काठ वर खोचला आणि माझ्याकडे हात केला.

"आता उभा काऊन राह्यलास? चढव मले."